प्लास्टिक फाडायचं नाही!

आमच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी कायम साठलेल्या असायच्या. एक, चहाचे न धुतलेले कप. दुसरे, किस्से. कप निदान शनिवारी कुणीतरी विसळायचं. किस्से मात्र एकावर एक चढतच गेले. परवा सुकापूरला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर शेजारणींना एक सांगायला गेले, तर मागोमाग सगळेच बाहेर पडले. आता तुम्हीही ऐका.

शाळा गव्हाणच्या पुढं, खाडीकाठच्या एका गावात. मी विज्ञान शिकवायचे. तोंडाची फटकळ, हे मीच आधी सांगून टाकते. भोईर सर पीटीचे, गावचेच, कशातूनही वाट काढणारे. आणि आमचे हेडसर, चौगुले सर. देवमाणूस! पण वस्तू जपायचं वेड असं, की त्यांच्या स्कूटरच्या सीटवर शोरूममधलं प्लास्टिक अजून शाबूत होतं. पाऊस आला की ते त्या प्लास्टिकवर आणखी एक प्लास्टिक घालायचे!

*

मी फळ्यावर मोटर काढायचे, मुलं वहीत मोटर काढायची. मी बाण काढायचे, मुलंही बाण काढायची. एक दिवस सातवीतली प्रणाली उठून उभी राहिली. कोळ्याची पोर, डोळ्यांत डोळे घालून बोलणारी.

"बाई, ही फिरनार कदी?"

वर्ग हसला. मला मात्र ते लागलं. खरंच, फिरणारी मोटर या पोरांनी शाळेत पाहिलीच नव्हती. त्याच दुपारी मी भोईर सरांना म्हटलं, "चला, भीक मागायला!"

भोईर सरांनी मला नेलं एका शेठकडे. शेठचं भरावाचं काम, दारात डंपर, आणि क्रिकेटचं भयंकर वेड. टूर्नामेंटला माणसाएवढ्या ट्रॉफ्या द्यायचे. मी त्यांना पंधरा मिनिटं विज्ञानाचं महत्त्व सांगितलं, मोटरी मिळाल्या तर पोरं रोबोटसुद्धा करतील म्हटलं. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचा तो रोबोट सिक्स मारते का?"

मी म्हटलं, "नाही हो शेठ. सध्या नुसता चालेल. फार तर पुढं जाऊन परत येईल."

"म्हंजे रन काढते!" शेठ मांडीवर थाप मारून म्हणाले. "मंग आमचे ओपनरपेक्षा बरा हाय!"

आणि त्या वर्षीच्या ट्रॉफीचे पैसे आम्हाला मिळाले! मोटरी, वायरी, सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, सगळं आलं. अट एकच. शेठचा फोटो असलेला मोठा बॅनर प्रयोगशाळेत लागला पाहिजे. आम्ही लावला. भिंतीवर न्यूटन छोटा, शेठ मोठे.

*

मग मी अर्ज करत सुटले. पुण्याच्या एका संस्थेनं रोबोटिक्सच्या पाच पेट्या द्यायचं कबूल केलं. पेट्या घेऊन संस्थेच्या मॅडम स्वतः आल्या. कमी बोलणाऱ्या बाई. जाताना त्यांनी स्पष्ट सांगितलं, "वर्षभर तुमच्याकडे राहतील. मार्चमध्ये मी बघायला येईन. वापरल्या असतील तर कायमच्या तुमच्या. नसतील, तर दुसरी शाळा वाट बघतेय."

मॅडमची जीप गेटबाहेर पडली आणि चौगुले सरांनी पाचही पेट्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"सर, हे काय?"

"बाई, मॅडम बघायला येणार आहेत ना? मग? नवंकोरं दिसायला नको?"

"अहो, वापरायला दिल्यात त्या!"

"वापरू की! पण प्लास्टिक फाडायचं नाही!"

सांगा आता! प्लास्टिक न फाडता रोबोट कसा जोडायचा, हे शिकवणारा कोर्स मी काही केलेला नव्हता. मी भांडले, रुसले, दोन दिवस सरांच्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीला हात लावला नाही. कपाट ढिम्म.

*

वाट काढली भोईर सरांनी. दसरा आला. शाळेत शस्त्रपूजा, म्हणजे घंटा, कंपास, क्रिकेटची बॅट आणि ऑफिसातला कॉम्प्युटर. भोईर सर हळूच म्हणाले, "सर, पेट्यांची पूजा नको? एवढी मोठी हत्यारं घरात आणि पूजेविना?"

चौगुले सर धार्मिक. कपाट उघडलं. हार, हळदकुंकू, नारळ, सगळं झालं. सर पेट्या परत ठेवायला उचलणार, तोच भोईर सर दचकल्यासारखे ओरडले, "अहो, काय करताय? पूजा केलेलं हत्यार न चालवता ठेवायचं? आमच्या गावात याला अपशकुन म्हणतात!"

असला काही अपशकुन भोईर सरांच्या अख्ख्या गावात कुणी ऐकलेला नाही. पण सरांचा चेहरा उतरला आणि पहिलं प्लास्टिक फाटलं. पोरांनी तासाभरात पहिला रोबोट जोडला. जमिनीवरची काळी पट्टी ओळखून तिच्यावरून चालणारा. सर हळवे झाले. म्हणाले, "थांबा, यालाही कुंकू लावू." आणि स्वतःच्या हातांनी त्याच्या कपाळावर चांगलं ठसठशीत बोट टेकवलं.

रोबोट सोडला. पट्टी राहिली बाजूला, पठ्ठ्या जागच्या जागी गोल गोल फिरायला लागला! सर घाबरले. "देव कोपला वाटतं! आता?"

प्रणालीनं रोबोट उचलला, ओढणीच्या टोकानं पुढचा सेन्सर पुसला आणि म्हणाली, "काय नाय सर. त्याचे डोल्यान कुकू गेलता!"

*

आता रोबोटला ट्रॅक हवा. फरशी आमची खड्डे पडलेली. पांढरं, मोठं, गुळगुळीत काय आणायचं? मुलांनी मागचापुढचा विचार न करता शेठचा बॅनर उतरवला, उलटा अंथरला आणि मागच्या पांढऱ्या बाजूवर काळ्या इन्सुलेशन टेपनं झकास वळणं काढली.

आणि नेमके त्याच दिवशी शेठ आले. अचानक! गळ्यात सोन्याची साखळी, मागं दोन मित्र, त्यांना बॅनर दाखवायचा होता. भिंत रिकामी. शेठनी खाली वाकून बॅनरचा कोपरा उचलला. खाली स्वतःचा चेहरा! मला वाटलं, संपलं. आता सोल्डरिंग गनसुद्धा परत मागणार.

"माजे तोंडावरशी गाडी चालवताव?"

रोबोट मात्र चालतच होता. त्यानं एक अवघड वळण घेतलं, पण पुढचं वळण बॅनर न पुरल्यानं खडबडीत फरशीवर गेलेलं, तिथं तो घसरला. शेठनी "आरं आरं" करत त्याला झेलला, उलटासुलटा करून पाहिला, पट्टीवर परत ठेवला. परत तिथंच घसरला.

शेठ मित्रांकडे वळून म्हणाले, "बॅनर लान परतं रं! या टायमाला डबल साइजचा छापू!"

*

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन पनवेलला होतं. मिनिडोर रिक्षात मी, प्रणाली, आणखी दोन पोरं आणि मांडीवर पेटी. हॉलमध्ये शेजारी एका मोठ्या शाळेचा स्टॉल. एसी वर्गात वाढलेली मुलं, ब्लेझर, इंग्रजी पोस्टर, चकचकीत रोबोट. आमच्या रोबोटचं एक चाक तुटलेलं, त्या जागी मासेमारीचं जाळं तरंगत ठेवणारा बोया कापून बसवलेला. तिथल्या एका शिक्षकांनी बोयाकडे पाहून भुवई उंचावली. मीही त्यांच्याकडे पाहून उंचावली. आपण कशाला कमी?

परीक्षक आले आणि लाइट गेली. लोडशेडिंग! शेजारचा रोबोट प्लगवर चालणारा. तो गप्प. पलीकडचं मॉडेल गप्प. अंधाऱ्या हॉलमध्ये फक्त आमचा रोबोट, लाल दिवा लुकलुकवत, बोयावर लंगडत तुरुतुरु पुढं चाललेला!

परीक्षकांनी कौतुकानं विचारलं, "बॅटरीवर करायचं कसं सुचलं?"

प्रणाली म्हणाली, "सर, लाइट येल तवा चालवाचा म्हनलं असता, तं अजून पेटीनच बसला असता."

पहिला नंबर! येताना मी त्या तिघांना ओरियन मॉलमध्ये नाही, साध्या टपरीवर बसवून वडापाव खायला घातले, आणि अख्खं पनवेल आपलंच आहे अशा ऐटीत आम्ही परत आलो.

*

जानेवारी उजाडला आणि प्रणाली शाळेत यायची थांबली.

मी तणतणत तिच्या घरी गेले. पाहते तर पोरगी अंगणात काठी घेऊन बसलेली. समोर जवळा वाळत घातलेला. जवळा म्हणजे अगदी बारीक कोळंबी, उन्हात पसरायची आणि दिवसभर कावळ्यांपासून राखायची. आईबाप मच्छी विकायला उरणला, आजीचे गुडघे धरलेले. म्हणजे राखणीला कोण? प्रणाली.

तिची आजी, हिराबाय, जिभेनं माझ्याहून तिखट. म्हणाली, "बाई, तुमची साला कावले हाकलंल का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण प्रणालीच उठली. म्हणाली, "हाकलंल!"

दुसऱ्या दिवशी शेठचा डबल साइजचा बॅनर हिराबायच्या अंगणात उलटा अंथरला गेला. मधे जवळा, कडेनं काळी पट्टी, आणि पट्टीवरून रोबोट. त्याच्या डोक्यावर फडफडणारी काळी पिशवी, मागं खडे भरलेला पत्र्याचा डबा. पोरांनी नाव ठेवलं, राखण्या.

पहिल्या दिवशी कावळे पळाले. दुसऱ्या दिवशी लांब बसून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी एक कावळा राखण्याच्या पाठीवर बसून अख्खी फेरी मारून आला! हिराबाय पोट धरून हसली. "बाई, तुमी तं कावल्याला रिक्षा केली!"

प्रणाली हसली नाही. ती दिवसभर कावळ्यांकडे बघत बसली आणि संध्याकाळी म्हणाली, "बाई, तो ठराविक टायमाला येते, त्ये कावल्याला समाजलं. त्याला ठराविक चालवाचाच नाय."

मग आम्ही प्रोग्राम बदलला. मनाला येईल तेव्हा थांब, मनाला येईल तेव्हा उलटा फीर, मधेच गर्रकन वळ. कावळ्यांचं गणित पार चुकलं! जवळा वाचला. सोमवारी प्रणाली पहिल्या बाकावर हजर. एवढा आनंद मला स्वतःच्या बीएडच्या निकालालाही झाला नव्हता. फक्त राखण्या दुरुस्तीला शाळेत आला, की स्टाफरूमभर असा वास सुटायचा, की शुद्ध शाकाहारी चौगुले सर नाकाला रुमाल लावून चहा प्यायचे. रुमालासकट चहा कसा पितात, ते मी त्यांच्याकडूनच शिकले.

*

आणि मार्च आला.

मॅडम सोमवारी येणार. मी शनिवारी एका लग्नाला नाशिकला गेले, हीच चूक झाली. रविवारी चौगुले सरांनी मुलांना शाळेत बोलावलं. सगळे रोबोट खोलले. राखण्यालाही अंगणातून उचलून आणवला. एकेक भाग ब्रशनं घासला, पुसला, अत्तराचा बोळा फिरवला. बोया फेकून मूळ चाकाला फेविक्विक लावलं. सगळं खाचेत बसवून पाचही पेट्यांना बाजारातून आणलेलं नवं प्लास्टिक गुंडाळलं. कडक, चकचकीत, गाठ कुठं दिसत नाही असं! देवमाणसानं सगळं प्रेमानं केलं हो.

सोमवारी मी शाळेत पोचेपर्यंत मॅडम पेट्यांपुढं उभ्या होत्या. चौगुले सर अभिमानानं म्हणत होते, "बघा मॅडम! जशा दिल्या तशा!"

मॅडमचा चेहरा पडला. "तेच बघतेय," त्या म्हणाल्या.

मी धावत मधे पडले. सगळं सांगितलं. दसरा, बॅनर, प्रदर्शन, कावळे. मॅडमनी ऐकून घेतलं. "बाई, प्रत्येक शाळा मला असंच काहीतरी छान सांगते. प्रमाणपत्रंही दाखवते. आणि पेट्या अशाच असतात, प्लास्टिकमध्ये." त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. पेट्या उचलल्या गेल्या. चौगुले सरांना आत्ता कुठं उमगलं. ते भिंतीला टेकले. प्रणाली जीपच्या मागच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. ती रडत नव्हती, नुसती पेट्या बघत होती. मला मात्र रडू आवरेना.

शेवटची पेटी जीपमध्ये चढली आणि गेटातून आरडाओरडा ऐकू आला.

हिराबाय! धरलेल्या गुडघ्यांनी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात रिकामं सूप. "कुठं हाय माजा राखन्या? काल नेला तो अजून आनला नाय! कावल्यांनी सगला जवला खाल्ला! बगा, सूप बगा!"

भोईर सरांनी जीपकडे बोट दाखवलं.

हिराबाय जीपपाशी गेली. पेट्या पाहिल्या, प्लास्टिक पाहिलं, मॅडमना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुमी नेताव त्याला?"

"हो, आजी."

"न्या. तुमचा हाय, न्या." तिनं काठी प्रणालीच्या हातात दिली. "ही धर गो. उद्यापासून तूच बस. आता कसली साला?" मग मॅडमकडे वळली. "पन बाय, नेताव तं ते कावले पन घाला गाडीन!"

मॅडमनी प्रणालीच्या हातातली काठी पाहिली, आजीचं रिकामं सूप पाहिलं. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "उतरव."

ड्रायव्हर हलायच्या आत चौगुले सर जीपमध्ये चढले होते. पहिली पेटी त्यांनी ओढली, नखांनी प्लास्टिक फाडायला लागले. ते फाटेना. दातांनी ओढलं, तरी फाटेना.

"अरे, बघत काय राहिलात?" सर ओरडले. "कात्री आणा!"