पहाऱ्याची तार

आमचा रॉकदादा गिटार खाली ठेवत नसे. चहा घेताना ती गळ्यात, फोनवर भांडताना गळ्यात. बाथरूमला जायचं झालं तर सरळ माझ्या गळ्यात अडकवून जाई. चाकणच्या कंपनीतली शिफ्ट संपवून मी चिंचवडच्या फ्लॅटमध्ये हौसेने रेकॉर्डिंग करायचो. "दादा, स्टँड आहे की," म्हटलं तर म्हणे, "तुझा स्टँड तुला लखलाभ."

मूळचा मोशीचा, शेतकऱ्याच्या घरातला. ज्या रॉक बँडच्या तिकिटांसाठी पोरं जीव टाकत, त्याचा हा मुख्य गिटारवाला. तो बँड त्याने एका दिवसात सोडला आणि भक्तिगीतांचा अल्बम करायला माझ्याकडे आला. याच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं सगळे म्हणाले. खोटं कशाला बोला, मलाही तसंच वाटलं.

बँड सोडण्याचं कारण त्याने एकदाच सांगितलं. गावच्या सप्ताहात वीणा जमिनीला टेकवायची नसते. ती गळ्यात घेऊन पाळीपाळीने उभं राहायचं, हाच पहारा; तो संपला की एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. वडिलांनंतरचा पहारा दादाचा होता, आणि तो बँडच्या कार्यक्रमाच्या तयारीत अडकला. वडिलांच्या अंगात ताप होता. वीणा घ्यायला लोक हात पुढे करत होते, पण म्हातारा हट्टाला पेटलेला. "माजा पोरगा येतोय. त्याच्याच गळ्यात घालनार." दुपार टळली. ते वीणेसकट कोसळले, ते परत उठलेच नाहीत.

"आईनं एका शब्दानं विचारलं न्हाई रे, भावा," दादा म्हणाला. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." त्या एका बाईने ऐकावं आणि काहीतरी बोलावं, एवढ्यासाठी तो अख्खा अल्बम होता.

प्रत्येक गाण्याखाली त्याने गिटारची एक जाड तार वाजत ठेवली होती, वेगळ्या ट्रॅकवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता. ती छेडताना तो दाराकडे बघत राही. मला माझ्याच खोलीत बसायची भीती वाटे.

अल्बम पुरा झाल्यावर तो आईंना माझ्याकडे घेऊन आला. त्या खुर्चीच्या कडेवर अवघडून बसल्या. पहिलं गाणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्याला पदर तोंडाशी गेला.

"बंद कर, बाळा."

"आवडलं न्हाई, आई?"

"ग्वाड हाय. पन तुजं वडील यात अजून उभंच हायेत. बसू दे की रं त्यांना आता."

दादा भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. मग त्याने मला खूण केली, आणि मी ती तार सगळ्या गाण्यांतून बंद केली. अल्बम तसाच बाहेर आला. छान आहे, पण खालून काहीतरी निघून गेल्यासारखं वाटतं, असं लोक म्हणतात.

दादा त्यानंतर आला नाही. जाताना तो ट्रॅक पुसून टाक म्हणाला होता. मला ते अजून जमलेलं नाही. पुसायला बसलो की वाटतं, माझ्या हातून तो म्हातारा दुसऱ्यांदा जाईल.