ओरडायला शिकवणारे सुभेदार

उजवा हात कानामागे धरायचा, मान जराशी पुढे काढायची आणि म्हणायचं, "आयकू येत न्हाई."

सुभेदारांचं हे रोजचं होतं. कोरेगावच्या त्या गल्लीत मी नवी राहायला आले तेव्हा सुरुवातीला त्यांना बहिरेच समजत होते. पण भाजीवाल्याने शेजारणीच्या कानात सांगितलेला भावही त्यांना बरोबर कळायचा. ऐकू यायचं नाही ते फक्त सुनेचं बोलणं. मला वाटलं, असतात काही सासरे असे. तुमच्याही पाहण्यात असतील.

मी वाईची. कोरेगावच्या शाळेत नेमणूक झाली म्हणून त्यांच्या समोरच्या घरात एक खोली घेऊन राहत होते. नव्वद साल उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट. सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले. पलटणीत ते जवानांना आग विझवायला, जखमी माणसाला उचलायला शिकवायचे. मुलगाही फौजेत, तेव्हा जम्मूकडे. इथे घरात सुभेदार, सून आणि लहानगी नात. सून सांगलीची, हळदीच्या अडत्याकडे काम करणाऱ्या माणसाची मुलगी. ती इतकं हळू बोलायची की दूधवाला किटली खाली ठेवून पुढे वाकायचा, तेव्हा कुठे त्याला अर्धा लिटर की एक लिटर ते कळायचं.

एका रविवारी सकाळी सुभेदार माझ्या दारात आले. खाकी अर्धी चड्डी, पांढरा बनियन.

"आवं बाई, एक काम हाय. तुमी त्या पिठाच्या गिरणीपाशी हुबं ऱ्हायचं. आवाज आला की हात वर करायचा."

"कुणाचा आवाज?"

"आमच्या सूनबाईचा."

मी जाऊन उभी राहिले. सूनबाई घराच्या उंबऱ्यात, डोक्यावर पदर, पदराचा काठ दातांत. तिचे ओठ हललेले दिसले. मी हात वर केला नाही. सुभेदारांनी कानामागे हात नेला.

"आयकू येत न्हाई. फिरसे."

ती त्यांना काहीतरी विचारत होती, काय ओरडू म्हणून असावं.

"'धावा' म्हन. न्हाईतर नुसता आ कर. पर छातीतनं."

पुन्हा ओठ हलले. तेवढ्यात पायरीवर बसलेल्या नातीने "धाऽऽवा" अशी आरोळी ठोकली की गिरणीपाशी झोपलेलं कुत्रं उठून चालायला लागलं. दारादारांतून बायका हसल्या. सूनबाई लालबुंद होऊन आत निघून गेली. सुभेदार गल्लीच्या मध्ये उभे राहिले आणि आम्हा सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "आदी वरडायचं. लाजायचं मागनं."

सुनेला भर गल्लीत ओरडायला लावणारा सासरा कुणी पाहिला होता? सुनेचा आवाज बाहेर गेला म्हणून भांडणारे सासरे आमच्या गल्लीत पुष्कळ होते. हा माणूस उलट्या खोपडीचा, असं सगळ्यांचं मत पडलं.

बाकीचं सगळं मात्र सून भराभर शिकत होती. चुलीजवळ पाण्याची बादली आणि तिच्यावर गोणपाट कायम ठेवलेलं. स्टोव्ह भडकला तर आधी हवा सोडायची, मग ओलं पोतं टाकायचं. मेन स्विच कुठे, फ्यूजची तार कशी बदलायची. ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन ती परसातून ओट्यापर्यंत यायची आणि सुभेदार मागून बजावायचे, "पोतं न्हाई त्ये. माणूस हाय. आपटू नगंस." मागच्या मोकळ्या जागेत तिला सायकलही शिकवली. नवरा हजार कोसांवर, सासरा म्हातारा. उद्या वेळ आली तर कुणाची वाट बघायची, असा त्यांचा सवाल असे.

एकदा माझ्या खोलीचीही त्यांनी तपासणी केली.

"बाई, आग लागली तर कुटनं भाईर पडशीला?"

"दारातनं."

"दारातच तर स्टोव्ह हाय तुमचा."

त्याच दिवशी मी स्टोव्ह हलवला.

पण सुनेचा आवाज काही फुटेना. रविवारमागून रविवार मी गिरणीपाशी उभी राहायची आणि हात खालीच ठेवून परत यायची. एकदा परत येताना तिला परसदारी तोंड फिरवून डोळे पुसताना पाहिलं. मला राहवलं नाही. त्या दुपारी सुभेदार ओट्यावर फाटलेलं गोणपाट शिवत बसले होते, मी सरळ जाऊन विचारलं, "सुभेदार, ती सगळं करते. मग ओरडायलाच कशाला लावता? किती लाज वाटते तिला."

त्यांनी दाभण पोत्यात टोचून ठेवलं.

"तिच्या सासूला बी वाटायची," ते म्हणाले.

मग गल्लीकडे बघतच त्यांनी सांगितलं. ते तेव्हा आसामात होते. बायको घरी दुपारची स्टोव्हवर काहीतरी करत होती. स्टोव्ह भडकला. अंगावर नायलॉनची साडी, त्यांनीच मिलिटरी कँटीनमधून आणलेली. भिंतीपलीकडे बायका खाटांवर शेवया वाळत घालत होत्या. एक हाक पुरली असती.

"साडी जळून गेली. अंगावर काय ऱ्हायलं न्हाई. तशी भाईर कशी येनार? तिनं आतनं कडी लावली आन् बसली कोपऱ्यात. धूर दिसला तवा लोकांनी दार फोडलं."

मी ओट्याच्या कडेला बसले.

"मी आलो तवा जित्ती हुती. मला म्हनली, 'कुनाला कळू दिलं न्हाई मी.' शाब्बासकी मागितल्यागत म्हनली, बाई." त्यांनी दाभण काढलं, पण शिवायला घेतलं नाही. "मीच सांगून ठेवल्यालं. हर रजेला सांगायचो. मी नसताना घरातला आवाज गल्लीत जाता कामा न्हाई. फौजीची बायकू म्हंजी कशी पायजे, आन् काय काय. आख्ख्या पलटणीला शिकवलं, आग लागल्यावर पैलं काय करायचं. पैलं आरोळी द्यायची. घरात त्येवडं सांगितलं न्हाई. घरात उलटं सांगितलं."

ते मान खाली घालून बसले. एवढा दणकट माणूस, पण त्या वेळी शाळेत छडी खाल्लेल्या पोरासारखा दिसत होता. कुणी आलं तर चेहरा दिसू नये म्हणून की काय, गोणपाट त्यांनी वर ओढून घेतलं.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, पण गल्लीतल्या जुन्या बायकांना ती ठाऊकच असणार. शेवया वाळत घालणाऱ्यांपैकी एक तर अजून शेजारीच राहत होती. रविवारी सगळ्यांत मोठ्याने हसायची ती तीच. तिचं ते हसू ऐकलं की मला आता कसंनुसं व्हायचं. हसली नसती तर तिला तिथे उभं राहवलं नसतं, असंही वाटायचं.

ऊसतोडीच्या दिवसांत एकदा नात चेंडूमागे धावत गल्लीच्या तोंडाशी गेली. समोरून उसाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर येत होता. सूनबाई दारात तांदूळ निवडत होती. सूप तसंच हातात, आणि तिच्या तोंडून "थांब" असा आवाज निघाला. पोर थांबली, ट्रॅक्टर थांबला, गिरणीवाल्यानेही पट्टा बंद केला. सूनबाई तोंडावर हात ठेवून उभी. डोक्यावरचा पदर कधीच घसरलेला.

सुभेदार बाहेर आले. नातीला कडेवर घेतलं आणि सुनेसमोर येऊन म्हणाले, "आयकू आलं."

त्यानंतर रविवारची परेड बंद झाली. मला वाटलं, त्यांच्या मनावरचं ओझंही थोडं उतरलं असेल.

पुढच्या पावसाळ्यातली एक सकाळ. शाळेला सुट्टी होती. सूनबाई घाईघाईने माझ्याकडे आली. "बाई, मामंजी आंघोळीला गेल्यात. पाण्याचा आवाज थांबून लय वेळ झाला. हाक मारली तर जा म्हनत्यात."

आम्ही दोघी परसात गेलो. न्हाणीला पत्र्याचं दार, आतून कडी.

"मामंजी, पडला का?"

"न्हाई." मग थोड्या वेळाने, दात आवळून बोलल्यासारखं, "तू जा म्हनलं न्हवं?"

ती क्षणभर दाराकडे बघत राहिली. मग गल्लीकडे वळून तिने हाक दिली, "धावा, मामंजी पडल्यात." माणसं येईपर्यंत थांबली नाही. पहार आणून पत्र्याच्या फटीत घातली आणि कडी उचकटली. तोंड फिरवून आधी चादर आत टाकली, मग स्वतः गेली.

सुभेदार भिंतीकडे तोंड करून पडले होते. पंचा खुंटीवर, हाताला न पोचणारा. मांडी भलत्याच बाजूला वळलेली. डोळे गच्च मिटलेले. तिने त्यांना ओढलं नाही. दोन्ही पाय एकत्र बांधले, मधे उशी घातली. तेवढ्यात माणसं आली. तिने तेच पत्र्याचं दार बिजागरीतून काढायला लावलं आणि त्यावरून त्यांना बाहेर आणलं. सगळं त्यांनी शिकवलं तसंच. पण शिकवणाऱ्याने डोळे उघडून ते पाहिलं नाही. जीपमध्ये ठेवेपर्यंत त्यांनी तोंडावरची चादर काढू दिली नाही. गल्लीतली माणसं म्हणत होती, म्हाताऱ्याला वेदना फार होताहेत. वेदना असणारच, पण मला ते चादर धरून ठेवणं निराळं वाटलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सुनेचं माहेर सांगलीला, म्हणून ऑपरेशन तिकडेच करायचं ठरलं. मुलाला रजा मिळाली, तो येऊन गेला. सुभेदार मात्र कोरेगावला परत आले नाहीत. त्या आजारपणात सांगलीतच गेले. तोवर माझी बदली खंडाळ्याकडे झाली होती, बातमी उशिरा कळली. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दिवाळीच्या सुट्टीत, सुनेच्या माहेरी, पेठेतल्या एका घराच्या पुढच्या खोलीत. रस्ता अगदी दाराशी. हातगाड्यांवरून हळदीची पोती चालली होती. खाटेभोवती जुन्या साडीचा पडदा, तेव्हा बाजूला सारलेला.

सुभेदार सुकून गेले होते. मी जवळ बसले तरी त्यांची नजर छताकडेच होती. मग म्हणाले, "बाई, मी वरडलो न्हाई."

"असू दे हो."

"तोंड उगडलं हुतं. आवाजच आला न्हाई. सून आयकंल, आत यील, उगडं बगंल, एवडंच डोक्यात. पाय मोडलाय ह्ये मागनं ध्यानात आलं."

मी जरा पुढे सरकले.

"इतकी वर्सं वाटायचं, माझ्या सांगन्यानं ती गेली. त्येची लाज हुतीच. पर आत कुटंतरी तिचा रागबी हुता. जीव चाललाय आन् कडी लावून बसती, येडी का खुळी. असा राग यायचा." त्यांचा आवाज बारीक झाला. "आता तिच्याम्होरं कुठलं त्वांड घिऊन जाऊ?"

मी त्यांच्या पायावरचं पांघरूण उगाच नीट केलं. थोड्या वेळाने ते चुळबुळ करू लागले. आधी माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. समोर पोती उतरवणारी माणसं होती. माझ्या ध्यानात आलं आणि मी उठले, पण त्याआधीच त्यांनी हलकेच हाक मारली, "सूनबाई." आतून उत्तर आलं नाही. त्यांनी डोळे मिटले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग मोठ्याने, रस्त्यावर जाईल अशा आवाजात म्हणाले, "सूनबाई, भांडं आन गं."

हमालांनी वळून पाहिलं. सूनबाई ओले हात पदराला पुसत आली, मला मानेनेच बाहेर थांबायला सांगितलं आणि तिने पडदा ओढला. मी पायरीवर जाऊन उभी राहिले.

पडद्यामागून सुभेदारांचा आवाज आला, "पोरी, लाज न्हाई वाटत व्हय तुला?"

"वाटती की," ती म्हणाली. "जरा कूस वळवा."