पुढे मोटारसायकल, मागे कार: म्हैसमाळपर्यंत आणि परत

मोटारसायकल विकायचं आमच्या घरात ठरून गेलं होतं. ठरवलं मी, आणि माझे यजमान विलास यांनी नुसती मान हलवली. दोन वर्षांपूर्वी कंपनीतून घरी येताना वाळूजच्या हायवेवर एका टेम्पोनं त्यांना उडवलं होतं. डाव्या पायात रॉड घालावा लागला. पाय बरा झाल्यावर आम्ही बिनगियरची कार घेतली, आणि मोटारसायकल बजाजनगरच्या आमच्या घराच्या जिन्याखाली ताडपत्री पांघरून पडून राहिली. अधूनमधून विलास ती सुरू करून बघत. इंजिन थोडा वेळ धडधडे, मग बंद होई. मी स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून तो आवाज ऐकत असे.

गिऱ्हाईक पडेगावचं मिळालं. रविवारी गाडी न्यायला येणार होतं. त्या आठवड्यात एकदा जेवताना विलास म्हणाले, "द्यायच्या आधी एकदा म्हैसमाळला जाऊन येतो हिच्यावर."

"एकटेच?"

"तू कार घेऊन मागून ये. पडलो तर उचलायला."

ते हसले, मला हसू आलं नाही. पण पाय मोडल्यापासून त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवेना. मी म्हटलं, चला.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी आधीच सांगते. म्हैसमाळ शहरापासून साधारण चाळीस किलोमीटर. पडेगाव, दौलताबाद, खुलताबाद असा रस्ता. पाऊस ओसरत आला की भादव्याच्या शेवटी जा. डोंगर हिरवे असतात आणि ढग अजून खाली उतरतात. सुट्टीच्या दिवशी गर्दी फार. विलास यांची सुट्टी आठवड्याच्या मधेच असते, म्हणून आम्हाला रस्ता रिकामा मिळाला. पेट्रोल मोटारसायकलला कारच्या निम्म्यानंही लागत नाही. बाकीच्या हिशोबाचं पुढे बोलू.

उजाडता उजाडता निघालो. पुढे ते, मागे मी. नगर नाका, छावणी ओलांडून पडेगावला पोहोचेपर्यंत माझी नजर त्यांच्या पाठीवरून हलली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांची पाठ इतका वेळ कधी बघितली नव्हती. सुरुवातीला खांदे कानापर्यंत चढलेले होते. प्रत्येक खड्ड्यापाशी ते डावा पाय जरासा उचलत. मग शहर मागे पडलं तसे खांदे उतरले, आणि माणूस बदलला म्हणावं इतका फरक पडला. रोज कारमध्ये अंग चोरून बसणारा माणूस वळणावर असा सैल कलत होता, जशी कुणी झोपेत कूस बदलावी.

कारमध्ये सगळं गप्प होतं. काचा वर, एसी मंद, रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. मक्याची शेतं काचेवरून नुसती सरकत जात होती. मला वाटायला लागलं की मी घरातच बसलेय, आणि बाहेर माझा नवरा कुठल्याशा स्वप्नात गाडी चालवतोय.

पडेगावच्या पुढे एका टपरीवर पोहे खाल्ले. तिथले पोहे तिखट, वर शेव भरपूर, चहा जरा जास्तच गोड. विलास यांचे डोळे वाऱ्यानं लाल झाले होते.

"तुला वास आला का गं?" त्यांनी विचारलं.

"कसला?"

"बाजरीचा. मघाशी उजव्या हाताला शेत होतं बघ. दाणा भरलाय. तिथनं पुढं पाण्याचा आला, गार. मग कुणीतरी चूल पेटवली होती."

मी त्याच रस्त्यानं आले होते. मला गाडीतल्या फ्रेशनरचा वास आला होता. त्यानंतर मी एसी बंद करून काचा खाली केल्या. अर्धामुर्धा वारा आत आला, माझी ओढणी मागच्या सीटवर उडाली आणि बरं वाटलं.

दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या जुन्या दगडी दरवाजातून जातो. दरवाजा अरुंद, एका वेळी एकच मोठं वाहन. समोरून एसटी आली. विलास कडेनं अलगद निघून गेले आणि मी अडकले. एसटीमागे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमागे जीप. दरवाजातून बाहेर आले तर पुढचा रस्ता रिकामा. घाट सुरू झाला, एक वळण गेलं, दुसरं गेलं, तरी ते दिसेनात. दोन वर्षांपूर्वी मला फोन आला होता तेव्हा मी भाजी निवडत होते. अपघात मी पाहिला नव्हता, पण नंतर मनात तो इतक्या वेळा झाला की प्रत्येक रिकाम्या वळणामागे मला तोच दिसे.

तिसऱ्या वळणावर ते कठड्याला टेकून उभे होते. हेल्मेट हातात, नजर किल्ल्याच्या डोंगराकडे. मी कार त्यांच्याशेजारी आणून थांबवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं असावं. त्यानंतर ते माझ्या नजरेआड गेले नाहीत.

खुलताबाद ओलांडल्यावर म्हैसमाळचा फाटा लागतो. तिथून रस्ता लहान होतो आणि आभाळ जवळ येतं. दोन्ही बाजूंना तेरडा फुलला होता, गुलाबी जांभळा, मधूनच पिवळी फुलं. चढ संपत आला आणि ढगच रस्त्यावर आला. विलास यांचा मागचा लाल दिवा तेवढा दिसत होता. तो ढगात शिरे, पुसट होई, पुन्हा लागे. मी वायपर लावले. वाटलं, हा रस्ता असाच चालू राहावा, वर पोहोचूच नये. भीती होतीच, पण ती दूर कुठेतरी, कापसात गुंडाळून ठेवल्यासारखी.

वर गिरिजामातेचं दर्शन घेतलं. माथ्यावर सकाळी आम्ही आणि काही गायी, एवढेच होतो. दरी दिसतच नव्हती. कड्यापाशी उभं राहिलं की खालून ढग वर येत आणि पावलांवरून वाहत जात. विलास चिंब झाले होते. हातांची बोटं गारठून आखडली होती. मी त्यांना कारमध्ये बसवलं, हीटर लावला, घरून नेलेल्या थर्मासमधला चहा दिला. कोरडा टॉवेल दिला. त्यांनी पाय लांब केले आणि डोळे मिटून म्हणाले, "ही पण लई सुखाची आहे बरं का."

"मग कशाला ते हाल?"

ते थर्मासच्या झाकणावर बोटं शेकत म्हणाले, "इथं बसलं की मला झोप येते गं. तिथं बसलो की समदं जागं होतं. आज मला पायाची आठवण आली नाय. खाली दरवाजापर्यंत आली होती, मग नाय आली."

काचेवर वाफ धरली होती. आम्ही दोघं त्या पांढऱ्या खोलीत बसून राहिलो.

ढग विरळ झाल्यावर उतरायला लागलो. खाली एका वळणावर शेतातून आलेल्या ट्रॅक्टरनं रस्त्यावर चिखल आणून टाकला होता. समोरून एक जीप वळण कापत, आमच्या बाजूनं आली. विलास यांनी मोटारसायकल डावीकडे घेतली. पुढचं चाक चिखलावर गेलं आणि सरकलं. वेग फार नव्हता. मला सगळं सावकाश दिसलं. चाक सरकलं, गाडी आडवी झाली, ते उजव्या हातावर पडले आणि घसरत कडेच्या गवतात गेले. जीप निघून गेली. मी कार त्यांच्या मागे आडवी उभी केली, दिवे लुकलुकते ठेवले आणि धावले.

वळणाजवळ पेरू विकणारे एक चाचा बसले होते, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. ते माझ्याआधी पोहोचले.

"उठू नका भैया, जरा पडून ऱ्हावा," ते म्हणाले. "आधी बोटं हलवून बघा. पाय बी हलवा. हां. पाणी पिओ."

विलास माझ्याकडे बघून म्हणाले, "पाय चांगला आहे. पाय चांगला आहे बघ." दोनदा म्हणाले.

पाय खरंच चांगला होता. हेल्मेटला ओरखडा, जाड जाकिटाची बाही फाटलेली, आणि उजवं मनगट डोळ्यांदेखत सुजत होतं. मोटारसायकलचा एक आरसा फुटला होता, बाकी काही नाही. चाचांनी आणि मी मिळून ती उभी केली. चाचा म्हणाले, "गाडी इथंच छोडो बेटी. माझं घर सामनेच आहे. एक दिवस काय, महिना ऱ्हायली तरी कोण हात लावणार नाय."

म्हणजे सोय झाली होती. मी मोटारसायकल तिथं लावून कार घेऊन निघायचं, एवढंच बाकी होतं. पण आधी दवाखाना. विलास यांना कारमधून खुलताबादला नेलं. डॉक्टरांनी मनगट दाबून, वळवून बघितलं. मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. पट्टी बांधून ते म्हणाले, "मोटारसायकलची मूठ काही दिवस पिळता येणार नाही."

"कार चालवता येईल?" मी विचारलं.

विलास यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "का? तू आहेस की."

"येईल, बिनगियरची असेल तर," डॉक्टर म्हणाले. "डावा हात चांगला आहे. सावकाश जा."

मी का विचारलं ते मला त्या क्षणी नीट कळलंही नव्हतं. माझं माहेर पैठणजवळ. वडील दूध गोळा करायचे. त्यांच्या मोटारसायकलवर मी कालव्याच्या रस्त्यानं गाडी शिकले. परवाना तेव्हाचाच, अजून चालू आहे. लग्नानंतर दुचाकीत मात्र स्कूटीच्या पुढे गेले नाही. बाहेर येऊन मी विलास यांना म्हटलं, "मोटारसायकल मी आणते."

"चाचाकडं राहू दे की. रविवारी गिऱ्हाईक तिथनं नेईल."

"नको. मी आणते."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. कारनं परत चाचांकडे गेलो, तिथं त्यांनी हेल्मेट डाव्या हातानं माझ्या डोक्यावर चढवलं आणि बंद ओढून बघितला.

चाचांच्या वळणापासून निघताना गाडी पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा क्लच सोडला आणि हाताला जुनी ओळख लागली. चाचांनी कागदात बांधून दिलेले पेरू माझ्या पिशवीत होते. त्यांनी "खुदा हाफिज बेटी, आहिस्ता" म्हटलं ते मला हेल्मेटमधून ऐकू आलं.

तो परतीचा रस्ता मला कसा सांगावा कळत नाही. तोच रस्ता होता, पण मी आधी त्यावरून आलेच नव्हते असं वाटत होतं. सखल भागात हवा एकदम गार व्हायची, उन्हाच्या पट्ट्यात शिरलं की कोमट. रस्ता पायांच्या अगदी जवळून वाहत होता. तेरड्याला वास नसतो, पण ओल्या मातीला होता, शेणाला होता, आणि घाट उतरल्यावर खरंच बाजरीला होता. दौलताबादच्या दरवाजात इंजिनाचा आवाज दगडांवर आपटून चारी बाजूंनी आला, आणि मी हेल्मेटच्या आत एकटीच हसले.

भीतीही त्याच रस्त्यावर होती. पडेगावच्या अलीकडे एक ट्रक जवळून गेला आणि त्याच्या हवेनं गाडी हलली. कारमध्ये असते तर मला तो ट्रक आठवलाही नसता. तिथं कळलं की मधे काहीच नाही. ना पत्रा, ना काच. वाळूजच्या हायवेवर त्या संध्याकाळी विलास यांच्या आणि टेम्पोच्या मधेही काहीच नव्हतं. जे मला हसवत होतं तेच मारूही शकत होतं, आणि या दोन्ही गोष्टी मला सुट्या करता येईनात. उरलेल्या एका आरशात पांढरी कार सावकाश येत होती.

दुपार कलताना घरी पोहोचलो. मी स्टँड लावून हेल्मेट काढलं. विलास कारमधून उतरलेच नाहीत. मी दार उघडलं तर चेहरा घामेजला होता.

"दुखतंय का?"

"नाय." डाव्या हातानं तोंड पुसत म्हणाले, "तो ट्रक गेला तव्हा मी डोळे मिटले. चालवताना. डोळे मिटले मी." मग म्हणाले, "दोन वर्षं तू असंच काढलंस व्हय? विकून टाकू आपण. रविवारी देऊन टाकू."

दोन वर्षं मला हेच ऐकायचं होतं. आणि ऐकल्यावर मला माझ्याकडून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. मी त्यांना तसंच सांगितलं. ते चिडले नाहीत. संध्याकाळभर आम्ही पेरू खात, मीठ लावून, पायरीवर बसून बोललो. कार सुरक्षित, यात वाद नाही. पावसात, हायवेवर, अंधारात कारच. कंपनीत जायला तर कारच, हे दोघांनी मिटवून टाकलं. पण मोकळ्या रस्त्यावर, उजेडात, हेल्मेट-जाकीट घालून कधीतरी एखादी सकाळ? तिथं मी पुढे सरके आणि ते मागे हटत.

रविवारी सकाळी गिऱ्हाइकाचा फोन आला. विलास यांनी फोन माझ्या हातात दिला. मी गिऱ्हाइकाला म्हटलं, "माफ करा, गाडी द्यायची नाही." त्यानं नाराजीनं काहीबाही बोलून फोन ठेवला.

विलास पायरीवर बसून पट्टी सोडत होते. म्हणाले, "एक सांगतो. तू चालव. पण मी कार घेऊन मागनं येणार नाय."

"मग घरी बसाल?"

"मागं बसीन तुझ्या. मागून बघण्यापेक्षा मागं बसलेलं बरं."