त्रिशलाबाईंचं गंगावन

कुरुंदवाडला माक्याचं तेल म्हटलं की त्रिशला मगदूम यांचंच नाव निघायचं. बांधावरचा माका त्या स्वतः खुडून आणायच्या, वाटून रस काढायच्या आणि आवळा, जास्वंद, खोबरेल घालून मंद जाळावर कढवायच्या. बाटलीवर त्यांच्याच वेणीचा फोटो होता. पाठमोऱ्या बाई आणि कमरेखाली आलेली जाड, काळीभोर वेणी. त्यांचे यजमान जयपाल यांनी तो काढला तेव्हा वेणी खरी होती.

चाळिशी उलटली आणि पाळीत त्यांच्या अंगावरून फार जायला लागलं. त्यात चातुर्मासातलं एकाशन, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, त्यांनी कधी चुकवलं नाही. फणीत केसांचे पुंजके यायला लागले. भांग रुंदावला, टाळू दिसायला लागली. स्वतःचंच तेल त्या दोन वेळा चोळायच्या, काही फरक पडला नाही. शेवटी जयपालच कोल्हापूरला जाऊन खोट्या केसांचं गंगावन घेऊन आले.

"लोकांस्नी कुठं ठावं हाय?" ते म्हणाले. "आन तेल तर खरंच हाय की."

त्या दिवसापासून त्रिशलाबाई दाराला कडी लावून वेणी घालू लागल्या. पाहुण्यांकडं मुक्काम करणं सोडलं. सख्ख्या बहिणीच्या घरचं लग्न असूनही त्या संध्याकाळच्या एसटीनं परत आल्या.

गावातल्याच सुलतानबी एके दिवशी मुलीला घेऊन आल्या. मुलगी मदिहा, विशीची. डेंग्यूतून उठली आणि दोन-तीन महिन्यांत तिचे केस मूठमूठ गळाले. तिनं कॉलेजला जाणं बंद केलं होतं. ओढणी घट्ट धरून ती त्रिशलाबाईंच्या वेणीकडंच बघत होती.

"मावशी, हात लावून बघू?"

त्रिशलाबाई पटकन मागं सरकल्या. "तेलकट हाय गं," म्हणाल्या, आणि घाईघाईनं बाटल्या पुढं केल्या. "रोज लाव. तीन महिन्यांत माझ्यावानी होतील."

माय-लेकी गेल्यावर त्यांनी कडी लावली आणि गंगावन पुन्हा घट्ट बांधलं.

चार महिन्यांनी दोघी परत आल्या. मदिहाची टाळू आता ओढणीतूनही कळत होती. सुलतानबी काही विचारायच्या आतच पोरगी खाली मान घालून म्हणाली, "मावशी, तुमचं तेल चांगलंच हाय. माझ्यातच कायतरी खोट असंल. मी नेमानं लावलं, एक दिवस बी चुकवलं न्हाय."

हे ऐकून त्रिशलाबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पोरगी त्यांच्या खोट्याचा दोष स्वतःवर घेत होती. त्यांनी मानेमागं वेणीच्या मुळाशी हात नेला, आकडे काढले आणि गंगावन सोडून मांडीवर ठेवलं. मागं उरली बोटाएवढी शेपटी.

"तुझ्यात खोट न्हाय, बाळ. हे बघ. फसवलं मी तुला."

सुलतानबी उभ्या राहून मोठ्यानं बोलल्या, "माझी पोरगी चार महिने आरशापुढं रडली ओ! आन तुमी बाटलीवर फोटू लावून बसलाय? लाज कशी वाटली न्हाय?"

"वाटत हुती. रोज वाटत हुती," त्रिशलाबाई म्हणाल्या. शेजारच्या झुंबरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं.

आठवड्यानं मदिहा एकटीच आली. "कोल्हापूरला एक वैद्य बाई हायत. तुमी चलता का संगं? मला एकटीला लाज वाटती."

वैद्य प्राची उपाध्ये यांनी दोघींच्या नाड्या बघितल्या आणि आधी रक्त तपासून आणायला लावलं. त्रिशलाबाईंचं हिमोग्लोबिन आठवर आलेलं. मदिहाचंही कमीच; ती आजारपणापासून चहा-बिस्किटावरच दिवस काढत होती.

"तेलानं केस मऊ राहतात, तुटतात कमी," प्राचीताई म्हणाल्या. "पण अंगात रक्तच नाही, तर मुळांना मिळणार काय?"

त्यांनी दोघींना लोहाचं औषध दिलं. नाचणीची भाकरी, मोड आलेली मटकी, हळिवाची खीर, काळे तीळ, आवळा आणि शेवग्याचा पाला खायला सांगितला. त्रिशलाबाईंना अंगावरून जाण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडं पाठवलं.

"चातुर्मासात आमा जैनास्नी पाला चालत न्हाय," त्रिशलाबाई हळूच म्हणाल्या.

"मग कडधान्यं वाढवा. पण यंदा एकाशन करायचं नाही."

व्रत मोडायचं हेही त्यांच्या मनाला लागलं. तरी त्यांनी ऐकलं. घरी येऊन बाटल्यांवरचे फोटो त्यांनी पाण्यात भिजवून नखानं खरवडून काढले. जयपाल बाजूला बसून बघत होते. मग त्यांनीही एक बाटली ओढून घेतली.

सहा महिन्यांनी मदिहाच्या कपाळाच्या कडेला बारीक, उभी लव आली आणि ती कॉलेजला जायला लागली. त्रिशलाबाईंचे केस गळायचे थांबले, थोडे भरलेही, पण पूर्वीची वेणी काही आली नाही. आता त्या उघड्या, विरळ केसांनीच बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जातात. कुणी कुजबुजलं की पदर डोक्यावर ओढावासा वाटतो. कधी ओढतात, कधी नाही. तेल घ्यायला आलेल्या बाईला त्या आधी जेवणाखाण्याचं विचारतात, आणि बऱ्याच जणी बाटली न घेताच निघून जातात.

मदिहा वाटेत भेटली की थांबून बोलते. सुलतानबी मात्र अजून बोलत नाहीत. बाजारात समोर आल्या की त्रिशलाबाईंची मान आपोआप खाली जाते.