साखळी एका गुणात

रायपूरला लागून असलेल्या बीरगांवातल्या माझ्या शेजारीण सुषमाताईंमुळेच मी रायपुरात टिकलो. आज तापलेल्या लोखंडाचा वास आला आणि त्यांच्या घरचा तो रविवार आठवला. गुण खर्चून शक्ती वापरायच्या सुपरहिरोंच्या खेळात माझा हिरो हवेतून हवी ती वस्तू काढायचा; नियम ताई ठरवायच्या.

"दीदी, ये तो सब बना लेता है! इसे निकालो," खेळायला आलेली कॉलेजची पोरं ओरडली.

आठवीतच शाळा सोडून आलेल्या मला दुसरी सोबत नव्हती.

"काहून काढू, पोट्टेहो? त्याले जे हातानं बनवता येते ते एका गुणात, बाकी दहा गुणांत," ताई म्हणाल्या.

मला तो माझ्या मजुरीवरचा टोमणाच वाटला. आभारही मानले नाहीत. आज कळतं, उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मी बनवायला शिकलेली साखळी, कडी, बिजागरी त्यांनी माझ्यासाठीच स्वस्त केली होती. ताई, तुम्ही आता कुठे आहात ठाऊक नाही, पण तुम्हाला शोधून हे एक दिवस फेडीनच.