करंगळीचं माप

यीस्टचा आंबूस वास आला की मला लोहाऱ्यातलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. वसतिगृहातून येणाऱ्या लेकीला टम्म फुगलेले पॅनकेक हवे होते, आणि माझं पीठ दोनदा जसंच्या तसं बसून राहिलं होतं. "राहू दे, धपाटे कर," सासूबाई म्हणाल्या. मी हट्टाला पेटले, शेवटची पुडी काढली आणि परत पाणी उकळायला ठेवलं. तशा त्या उठून आल्या. "दह्याचं विरजण कढत दुधात लावतीस का गं? मग ह्याला का पोळतीस?" त्यांनी पाणी निववलं, करंगळी बुडवून पाहिली, मगच पुडी ओतू दिली. तासाभरात पीठ पातेल्याच्या काठाला आलं. लेकीनं पॅनकेक मधाशी खाल्ले, सासूबाईंनी शेंगदाण्याच्या चटणीशी. आता लेक तिच्या घरून फोनवर विचारते, "आई, पाणी किती गरम?" मी म्हणते, "करंगळीला विचार."