मैनुद्दीनभाईंचा पहिला नंबर

मैनुद्दीनभाईंविषयी मी लिहावं हा तसा आगाऊपणाच. पण दुसरं कोण लिहिणार? हडपसरात त्यांची हिलाल बेकरी चाळीस वर्षं चालली, आणि ती बंद पडली त्यात माझा हात आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटाकडे डोळे लावून बसायला नको.

मी रंगनाथ. कंपनीनं मला पन्नासाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती दिली. इच्छा अर्थातच कंपनीची. त्यानंतर मला कशाचंच काही वाटेनासं झालं. भाजीत मीठ नसलं तरी मी गपचूप जेवायचो. शेवटी बायको, कौशल्या, म्हणाली, "दिवसभर समोर बसून माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटू नका. सोसायटीचं काहीतरी बघा." म्हणून सेक्रेटरी झालो.

सोसायटी आयटी पार्काला लागून. राहणारी पोरं अकोला, यवतमाळ, कुठून कुठून आलेली. शनिवार आला की विचारायची, "काका, इथे जवळपास डीसेंट पिझ्झा कुठे मिळतो?" मला पिझ्झ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तेवढंच एक काम. स्कूटर काढली आणि हडपसर, मुंढवा, वानवडी, फुरसुंगी अशी सात दुकानं पालथी घातली. एकेक पिझ्झा खाल्ला, वहीत टिपून घेतलं आणि गेटजवळच्या फळ्यावर खडूनं यादी लावली. 'पाव कच्चा, मालक उर्मट. चिकनही मिळते.' 'चीज भरपूर, चव शोधावी लागते.' 'बसायला जागा आहे, बसू नये.' पोरं हसली, पण यादी पाहूनच जायला लागली.

पहिला नंबर मी हिलाल बेकरीला दिला होता, आणि तो देताना हात आखडला नव्हता.

मैनुद्दीनभाई साठीचे, बुटके. अंगात बंडी, भुवयांवर कायम मैदा. लाकडावर चालणारी भट्टी त्यांच्या वडिलांनी बांधलेली. आयुष्यभर पाव, खारी, टोस्ट. पुढे पिझ्झ्याचं खूळ आलं तेव्हा त्यांनी पिझ्झ्याचे गोल पाव पाकिटातून विकले, पण स्वतः कधी पिझ्झा खाल्ला नाही. मग मुलगी उम्मेहानी हॉटेल मॅनेजमेंट शिकून आली. तिनं दारात दोन टेबलं टाकली आणि त्याच भट्टीत पिझ्झा भाजायला सुरुवात केली. कडा जरा करपलेल्या, मधे मऊ. मी पहिला तुकडा खाल्ला आणि मुकाट्यानं दुसरा उचलला.

पीठ मळता मळताच त्यांनी मला सगळं सांगितलं होतं. बेकरीची जागा दोघा भावांची. थोरले खालिदभाई ती बिल्डरला द्यायला निघाले होते. मैनुद्दीनभाईंनी मोठ्या मिनतवारीनं त्यांच्याकडून मुदत मिळवली होती. ईदपर्यंत पोरीचा पिझ्झा चालला तर बेकरी राहील, नाहीतर सह्या करायच्या.

"तुमच्या फळ्यानं चाललंय, रंगनाथराव," ते म्हणाले. खरोखर चाललं होतं. शनिवारी पोरं टेबलासाठी ताटकळत उभी राहायची. उम्मेहानीनं तिसरं टेबल आणलं.

मग श्रावण आला. बी विंगमधल्या नम्रतानं सहज विचारलं, "काका, ते बेकरीवाले प्युअर व्हेज आहेत ना? सासूबाई आल्यात." 'तिथेच विचार' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण खातरजमा केल्याशिवाय गप्प बसेल तो पुणेकर कसला! नसती उठाठेव करण्यात आमचा हात कोण धरणार?

मी गेलो आणि विचारलं. मैनुद्दीनभाईंनी हात पुसले आणि मला आत नेलं. चिकनचे आणि शाकाहारी पिझ्झ्यांचे ट्रे वेगळे, पिझ्झा आत सारायच्या लांब दांड्याच्या फळ्या वेगळ्या, सुऱ्यासुद्धा वेगळ्या. सगळं दाखवलं. मग म्हणाले, "पण भट्टी एकच आहे. तुम्हाला खोटं कशाला सांगू?"

परत येऊन मी त्यांच्या नावाखाली लिहिलं, 'टीप: शाकाहारी व मांसाहारी एकाच भट्टीत. ज्याने त्याने ठरवावे.' अक्षर माझं चांगलं. खाली रेघही ओढली.

पहिल्या शनिवारी गर्दी निम्म्यावर आली. चिकन खाणारेही थांबले, कारण ही पोरं जायची ती घोळक्यानं, आणि आठांत एकाला चालत नसलं की आठही दुसरीकडे जातात. शेजारच्या सोसायटीनं माझी टीप त्यांच्या फळ्यावर उतरवून घेतली आणि वर 'सावधान' असं आपल्या पदरचं घातलं. कौशल्या म्हणाली, "कुणी विचारलं होतं तुम्हाला एवढं?" मी म्हटलं, "खरं तेच लिहिलंय." गणपती झाल्यावर मी ती टीप पुसली. तोवर सगळ्यांना पाठ झाली होती. येता-जाता रिकामी टेबलं दिसायची. मला वाईट वाटायला हवं होतं, एवढं कळत होतं. पण वाटत काहीच नव्हतं. मी स्कूटर थांबवत नव्हतो.

ईद झाली आणि मैनुद्दीनभाईंनी सह्या केल्या. उम्मेहानी हिंजवडीत एका कंपनीच्या कँटीनमध्ये लागली. भट्टी पाडायची त्या आठवड्यात कौशल्यानं मला जवळजवळ ढकलूनच तिकडे पाठवलं.

मैनुद्दीनभाई आत एकटेच बसले होते. त्यांच्या भुवया काळ्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी स्टूल पुढे केलं. बायकोला दिलेलंच उत्तर मी त्यांनाही दिलं. "मी खरं तेच लिहिलं होतं, मैनुद्दीनभाई."

"खरंच होतं की," ते म्हणाले. "म्हणून तर मी तुम्हाला काही बोललो नाही." मग त्यांनी विचारलं, "एक सांगता? तुमच्या यादीत आणखी सहा दुकानं होती. त्यांच्याकडे भट्ट्या किती होत्या?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच माहिती हवी होती. सहाही ठिकाणी चिकन मिळत होतं, ते मीच वहीत टिपलं होतं. त्यातल्या एकाही दुकानात मी आत डोकावलो नव्हतो. डोकावावं असं मनातसुद्धा आलं नव्हतं. कंपनी सुटल्यापासून पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि ती लाज होती.

"विचारलं नव्हतं," मी म्हणालो.